दुसरी आच

सोफेवाला दुकानाची पायरी चढला तेव्हा त्याच्या डाव्या गालावर पट्टी होती आणि मुठीत रुमाल. रुमाल त्याने समोरच्या फळीवर ठेवला, चारी टोकं उलगडली आणि म्हणाला, "मामा, रागावू नका. पण हे तुम्हाला दाखवल्याशिवाय मला चैन पडेना."

रुमालात घडीचा चाकू होता. लाकडी मूठ, पितळी खिळा आणि मुठीत मिटणारं बोटभर लांबीचं पातं. त्या पात्याचं टोक चांगलं दोन नखांएवढं तुटून वेगळं पडलं होतं.

नात्याने ते सोफेवाल्याचे मामा नव्हते, कोणाचेच नव्हते. पण चाळीस वर्षं एकाच दुकानात बसून चाकू केले, की सगळ्या गावाला भाचेपण घ्यावंसं वाटतं. मामांचा चाकू बोथट होईल, गंजेल, हरवेल, पण मोडणार नाही, असं लोक म्हणत. मामा स्वतः असं कधी म्हणत नसत. लोक म्हणत ते मात्र कान देऊन ऐकत.

"काय करत होतास?"

"काय करणार? जुन्या खुर्चीचं कापड काढत होतो. लाकडावर पट्टी ठोकलेली असते, तिच्याखाली टोक घातलं आणि जरा उचकटलं. रोजचंच काम. टक्कन आवाज झाला आणि गाल ओला लागला."

"डोळा?"

"बोटभर खाली लागलं. डॉक्टर म्हणाले, नशीब."

"चाकूने उचकटू नये रे," मामा म्हणाले आणि बोलता बोलताच त्यांना आपला आवाज खोटा वाटला. चाकूने नुसतं कापणारा माणूस त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. लोक चाकूने डबे उघडतात, स्क्रू पिळतात, नखातली घाण काढतात, टेबलाच्या पायाखाली पाचर म्हणून सारतात. हे सगळं गृहीत धरूनच पातं करायचं असतं, हे त्यांनीच आपल्या लेकीला शंभरदा ऐकवलं होतं.

त्यांनी तुटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. कुठे वाकल्याची खूण नव्हती. कपाचा कान तुटतो तसं स्वच्छ तुटलं होतं. म्हणजे पोलाद ठिसूळ राहिलं होतं.

पोलाद लालभडक तापवून तेलात बुडवलं, की त्याला पाणी चढतं. ते इतकं कडक होतं, की हातातून पडलं तर काचेसारखं फुटावं. म्हणून त्याला दुसरी आच द्यायची. तापल्या लोखंडी पट्टीवर पातं ठेवायचं आणि त्याच्या अंगावर रंग चढताना बघत बसायचं. आधी वाळल्या गवताचा पिवळा, मग मधाचा, मग तपकिरी. मध संपून तपकिरी सुरू होतो त्या घटकेला पातं उचलायचं. आधी उचललं तर ठिसूळ राहतं, उशिरा उचललं तर मऊ पडतं. सगळी विद्या त्या एका घटकेत असते.

आणि वर्षभरापासून दुकानातल्या निम्म्या पात्यांना ती आच धाकटी देत होती.

धाकटी म्हणजे मामांची दुसरी लेक. थोरली लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली. धाकटीने शिक्षण झाल्यावर नोकरी धरली, दोन वर्षांत सोडली आणि एका सकाळी एप्रन बांधून भट्टीपाशी येऊन उभी राहिली. मामांनी तिला तीन वर्षं नुसतं घासायला लावलं. पॉलिश अजूनही तिच्याकडेच होतं, पण आता ती पाती ठोकत होती, पाणी देत होती, दुसरी आचही देत होती. कोणतं पातं कोणाचं हे कळावं म्हणून मामा आपल्या पात्याच्या बुडाशी एक ठिपका मारत आणि धाकटी दोन. ठिपके मुठीच्या आत लपत, खिळा काढल्याशिवाय दिसत नसत.

मामांनी सोफेवाल्याला खणातला दुसरा चाकू दिला. मोडका चाकू रुमालात बांधून खणात टाकला. खिळा काढून बघितला नाही. बघायची गरजच काय, असं त्यांना वाटलं.

आतून धाकटीचा आवाज आला, "कोण होतं, बाबा?"

"कोणी नाही. धार लावायला आला होता."

खोटं बोलून झालं, पण ते पोटात राहिलं. संध्याकाळी ते चारदा उठले आणि चारदा बसले. मामी म्हणाल्या, "अहो, खुर्चीत काटे आहेत का?" पोरीला बोलावं तर तिचा हात कचरेल, न बोलावं तर आणखी कोणाचा तरी गाल, नाहीतर डोळाच. सोफेवाल्याचा चाकू तीन महिन्यांपूर्वीच्या खेपेतला होता. त्यातले चाकू आज कोणाच्या खिशात आहेत, कोणत्या कामाला लागलेत, कधी टक्कन आवाज होईल, या विचाराने त्यांच्या पायांना जणू चाकं फुटली.

दुसऱ्या दिवशी पिशवीत धारेचा दगड आणि तेलाची बाटली टाकून ते बाहेर पडले. "जरा जुन्या गिऱ्हाइकांना भेटून येतो. बसल्या बसल्या धार लावून देईन." मामींनी धाकटीकडे पाहिलं, धाकटीने मामींकडे. चाळीस वर्षांत मामा कोणाच्या दारी धार लावायला गेले नव्हते.

पहिला सापडला वायरमन. एका नव्या इमारतीच्या जिन्यात शिडीवर उभा होता. मामांना पाहून त्याने खिशातून चाकू काढला आणि वरूनच दाखवला. "तुमचाच आहे, मामा. तारेची साल काढायला याच्यासारखं हत्यार नाही. पण खरं सांगू? यावेळचा जरा दातरा झालाय."

मामांनी पातं उजेडाकडे धरलं. उंदराने कुरतडल्यासारखी धार चार ठिकाणी उडाली होती. तांब्याच्या तारेने पोलादाचे तुकडे उडावेत, ही गोष्ट ऐकायलाही लाज वाटावी अशी होती.

"घेऊन जातो. दोन दिवसांत नीट करून देतो."

"तोवर मी काय करू? दातांनी सोलू?"

मामांनी आपल्या खिशातला स्वतःचा चाकू काढून त्याच्या हातावर ठेवला. वायरमनने तो उघडला, मिटला, पुन्हा उघडला. "हा परत नाही केला तर चालेल का?" त्याने विचारलं. मामा तोवर दोन जिने उतरलेही होते.

तिथून ते रोपवाटिकेत गेले. तिथल्या बाई दिवसाला दोन-दोनशे कलमं बांधत. ओट्यावर बसून फांदीवर चीर पाडायची, दुसऱ्या झाडाचा डोळा सालीसकट उचलायचा, चिरेत बसवायचा, पट्टी गुंडाळायची. हाताला विश्रांती नाही आणि तोंडालाही. मामा दिसताच त्या म्हणाल्या, "या. तुमचीच आठवण काढत होते. मालकांच्या सुनेने नवे चाकू आणलेत, पातं बदलायचे. पातं संपलं की फेका आणि नवं घाला. मी म्हटलं, नवऱ्याचंही असं काही निघालं तर सांग. तोवर माझा जुनाच बरा."

त्यांचा चाकू आठ महिन्यांचा होता. मामांनी धार बघितली आणि बघतच राहिले. आठ महिने रोज दोनशे चिरा पडूनही धार अखंड होती. हातावरचे केस अजून निघत होते.

"धार लावू का?"

"लावा, पण काय लावणार? रविवारी मी दगडावर चारदा फिरवते, बास."

मामा घरी आले ते मागच्या दाराने. धाकटी दुकानात गिऱ्हाइकाशी बोलत होती. त्यांनी भट्टीच्या खोलीचं दार लावलं, वायरमनचा चाकू शिकंज्यात धरला, बारीक छिन्नीने खिळा काढला आणि पात्याचं बूड कपड्याने पुसलं. दोन ठिपके बघायची मनाची तयारी होती. बोलायचं काय, तेही ठरलं होतं. आवाज न चढवता सांगायचं.

एकच ठिपका होता.

त्यांनी खिडकीशी नेऊन बघितलं. नखाने चाचपलं. मग खणातून रुमाल काढला आणि सोफेवाल्याच्या चाकूचा खिळा काढला. त्यावरही एकच.

किती वेळ गेला कोण जाणे. बाहेर धाकटी हसत होती. गिऱ्हाईक काहीतरी विनोद करत होतं. मामांना वाटलं, आपल्याच घरात आपण चोरासारखे सापडलोय.

त्या रात्री त्यांना झोप लागली नाही आणि सकाळी उजाडताच ते पुन्हा रोपवाटिकेच्या फाटकाशी हजर होते. बाईंनी अजून पदर खोचला नव्हता. "चाकू द्या. पाच मिनिटांत देतो," ते म्हणाले आणि तिथेच ओट्यावर त्यांनी खिळा काढला.

एक ठिपका. हा चाकूही त्यांचाच.

मामांच्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं. हात बिघडला असता तर हाही बिघडला असता. म्हणजे दोष हाताचा नव्हता, मालाचा होता. पोलादाच्या सळ्या वाईट आल्या असणार. त्यांनी नवा खिळा ठोकला, बाईंना चाकू दिला आणि वाटेत दोन ओळखीच्या माणसांना आपणहून हाक मारली.

"पोलाद भिकार आलं होतं गं," घरात शिरताच ते म्हणाले. धाकटी ओट्याशी पोहे परतत होती, मामी डबे पुसत होत्या. त्यांनी सगळी हकिगत सांगितली. सोफेवाल्याचा गाल, वायरमनचा दातरा चाकू आणि रोपवाटिकेतलं ते अखंड पातं. आधी तिच्यावर संशय घेतला होता एवढं फक्त गाळलं. "तेव्हा त्या सळीवाल्याला आज चांगला फैलावर घेतो. माझ्या हाताला चाळीस वर्षांत कोणी नाव ठेवलं नाही."

पोहे करपायला लागले होते. धाकटीने गॅस बंद केला आणि झारा तसाच हातात धरून उभी राहिली.

"सांगून टाक," मामी म्हणाल्या.

"काय सांगून टाक?" मामांनी दोघींकडे पाहिलं.

"पोलाद चांगलं आहे, बाबा. त्याच सळ्यांची माझी पातीही आहेत."

"मग?"

"रोपवाटिकेतलं पातं तुमचंच आहे. पण त्याला दुसरी आच मी पुन्हा दिली होती."

मामांना काही कळेना. धाकटी झाऱ्याकडे बघत बोलत होती. "सव्वा वर्ष झालं. तुम्ही पातं लवकर उचलायला लागलात. मध चढायच्या आत, गवताच्या रंगावरच. मला वाटलं, एखाद दिवस असेल. मग रोजच व्हायला लागलं. तुम्ही पॉलिशला माझ्याकडे टाकायचात, तेव्हा मी आधी पुन्हा पट्टीवर ठेवायची, रंग पुरता चढू द्यायची आणि मग पॉलिश करायची. तुम्ही जेवायला गेलात की."

"आणि हे दोन?"

"ताईच्या बाळंतपणाला मी पाच दिवस गेले होते ना, तेव्हा पॉलिशही तुम्हीच केलंत. मी आले तोवर सहा चाकू विकले गेले होते. मला वाटलं, निभावून नेतील."

"निभावून," मामा म्हणाले.

"चुकलंच माझं. तेव्हाच सांगायला हवं होतं."

"मला का नाही सांगितलंस, सव्वा वर्ष?"

उत्तर मामींनी दिलं. "कसं सांगणार? दिवा बदला म्हटलात, दिवे बदलले. तीनदा. शर्ट पिवळट धुतेस म्हणून माझ्यावर तोंड टाकलंत, मी साबण बदलले. ते शर्ट पांढरेशुभ्र आहेत हो. सगळ्या जगाला दिसतात. मोतीबिंदू झालाय, डॉक्टरांकडे चला म्हटलं की तुम्ही म्हणायचात, मला सुईत दोरा ओवता येतो."

"येतोच."

"दोरा येतो. रंग नाही येत."

मामा उठले आणि चप्पल न घालताच बाहेर पडले. कोपऱ्यावर पाय भाजायला लागले तेव्हा ते त्यांच्या लक्षात आलं, पण परत फिरायची लाज वाटली, म्हणून तसेच चालत राहिले. रागाला नेमकी जागा मिळत नव्हती. पोरीवर रागवावं तर तिने अब्रू सांभाळली होती. बायकोवर रागवावं तर ती वर्षभर कंठशोष करत होती. सव्वा वर्ष लोक मामांचा चाकू म्हणून ज्याची वाहवा करत होते आणि ते कान देऊन ऐकत होते, त्याचं अर्धं श्रेय मागच्या खोलीत त्यांच्या जेवणाच्या वेळात कमावलं गेलं होतं. हे सगळ्यात जास्त झोंबलं.

एका घराच्या भिंतीशी ते थांबले. चुना नुकताच दिलेला असावा, खाली शिंतोडे ताजे होते. ती भिंत त्यांना लोण्यासारखी पिवळी दिसत होती. त्यांनी एक डोळा मिटून बघितलं, मग दुसरा. रंगारी बादली धूत होता. "हा कोणता रंग म्हणायचा?" मामांनी विचारलं.

"पांढरा, मामा," तो म्हणाला. "दुसरा कोणता?"

ते घरी आले तेव्हा धाकटी अजून स्वयंपाकघरातच बसली होती. मामींनी पाय धुवायला पाणी दिलं. मामा पाय धूत धूतच म्हणाले, "सहा. सोफेवाला, वायरमन. तिसरा शाळेतला शिपाई. चौथी ती टोपल्या विणणारी, नाक्यावरची. पाचवा सुतार. आणि सहावा नावाडी, पलीकडच्या घाटावरचा."

"उरले चार. आज तीन तरी होतील," धाकटी म्हणाली आणि पोहे झाकून उठली.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी गाव पालथं घातलं. शिपायाचा चाकू पेन्सिलींना टोक करण्यापलीकडे गेला नव्हता, शाबूत होता. सुताराने आपला हरवल्याचं सांगितलं, मग पेटीच्या तळाशी सापडला तेव्हा त्याला मामांपेक्षा जास्त आनंद झाला. टोपल्यावालीचं टोक उडालं होतं, पण ती बिचारी स्वतःलाच दोष देत बसली होती. "माझाच हात जड," ती म्हणाली. मामा तिच्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "तुझा हात ठीक आहे. माझा डोळा गेलाय." हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा उच्चारलं ते तिथे, परक्या बाईपुढे. धाकटी मागे उभी होती. तिने ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

उरला नावाडी. तोच मामांना सगळ्यात जास्त छळत होता. बाकीच्यांचं काय, बोट कापेल, गाल फाटेल. नावाड्याचा चाकू दोरासाठी होता. प्रवाहात दोर इंजिनाच्या पंख्यात अडकला आणि तो कापता आला नाही, तर होडी आडवी होते. होडीत वीस माणसं असतात, शाळेची मुलं असतात. मामांनी दोन रात्री ती होडी स्वप्नात आडवी झालेली पाहिली.

तिसऱ्या दिवशी ते दोघं घाटावर पोचले तेव्हा होडी पलीकडे होती. मामा काठावर येरझाऱ्या घालत राहिले. धाकटीने पिशवीतून पाण्याची बाटली काढून दिली, ती त्यांनी हातात धरली आणि प्यायचे विसरले. होडी लागली, माणसं उतरली. नावाडी दोर खुंटीला टाकत म्हणाला, "मामा, तुम्ही? बसा, पलीकडे सोडतो."

"पलीकडे नाही जायचं. तुझा चाकू दाखव."

नावाड्याने कमरेचा चाकू काढला. मामांनी उघडला. पातं निम्मंच होतं. बोटभराऐवजी दीड पेर, आणि टोकाला गोलसर घासलेलं.

"मोडला होता," नावाडी सहज म्हणाला. "महिना झाला. इंजिनात दोर गुंतला, मी वाकून कापत होतो, तेवढ्यात पाण्याने होडी ढकलली आणि पातं पंख्यावर आपटलं. निम्मं गेलं तळाला."

"मग?"

"मग काय? उरलेल्या निम्म्याने कापला. धार होती की. घरी आल्यावर दगडावर घासून गोल केला. आता तर जास्तच बरा झालाय. आखूड आहे, वाकड्या जागी शिरतो."

"हा इकडे दे. मी तुला नवा देतो." धाकटीने पिशवीतून नवा चाकू काढला, स्वतःच्या हातचा.

नावाड्याने तो बघितला, छान आहे म्हणाला आणि परत केला. "मला हाच हवा. हाताला बसलाय. यानं एकदा वेळ निभावलीय, त्याला असा टाकू?"

"अरे, तो पुन्हा मोडेल. त्याच्या पोलादात खोट राहिलीय. माझ्या हातून राहिलीय."

"पुन्हा मोडला तर पुन्हा घासीन."

"आणि घासायला उरलंच नाही तर?"

नावाड्याने पात्याकडे बघितलं. माणसं होडीत चढायला लागली होती. धाकटी म्हणाली, "काका, चाकू तुमचाच राहील. फक्त अर्धा तास द्या. तुमच्याकडे स्टोव्ह आहे का?"

घाटावरच्या टपरीत स्टोव्ह होता. नावाडी एक फेरी मारून येतो म्हणून गेला. मामांनी खिळा काढून पातं सुटं केलं आणि पॉलिश पेपरने आरशासारखं घासलं. अंग चकचकीत नसेल तर रंग दिसत नाही. पिशवीतली जाड लोखंडी पट्टी स्टोव्हवर ठेवली. शेजारी पाण्याची वाटी. चिमट्याने पातं पट्टीवर ठेवलं आणि दोघं उकिडवे बसले, मामा चिमटा धरून, धाकटी त्यांच्या खांद्याशी.

पातं मामांना आत्ताच पिवळं दिसत होतं. थंड असतानाही ते पिवळंच होतं.

"सांग," ते म्हणाले.

"अजून काही नाही. पांढरंच आहे."

स्टोव्ह घरघरत होता. मामांचा हात उचलायला शिवशिवत होता. चाळीस वर्षांची सवय मनगटात बसलेली, ती म्हणत होती, उचल, झालं, जळेल.

"आता गवत चढतंय. पाठीकडून."

"आता?"

"थांबा, बाबा."

"मऊ पडेल गं."

"नाही पडत. मध आलाय, पण धारेपर्यंत नाही पोचला. थांबा."

मामांनी डोळे मिटले. तसं बरं वाटलं. निदान खोटा रंग तरी दिसत नव्हता. चिमट्यातून उष्णता बोटांत येत होती, स्टोव्हचा आवाज येत होता आणि कानाशी पोरीचा श्वास.

"धारेपाशी तपकिरी कड आली. आता."

त्यांनी पातं पाण्यात सोडलं. चर्र झालं. मग त्यांनी ते टपरीच्या खांबाच्या भेगेत रोवलं आणि बाजूला जोर लावला. पातं वाकलं, नीट दिसेल इतकं वाकलं आणि सोडल्यावर सरळ झालं. दुसऱ्यांदा लावला. तिसऱ्यांदा जास्त लावला. टपरीवाला म्हणाला, "मामा, माझा खांब."

नावाडी परत आला तेव्हा चाकू जोडून, धार लावून तयार होता. त्याने दोराच्या एका टोकावर तो चालवून बघितला, मान डोलावली आणि कमरेला अडकवला. काही विचारलं नाही. "चला, फुकट फिरवून आणतो," म्हणाला. मामांना नाही म्हणायचं होतं, पण धाकटी आधीच फळीवर बसली होती.

होडी मध्यावर आली. वारा होता. मामा बराच वेळ पाण्याकडे बघत होते. मग त्यांनी विचारलं, "डॉक्टरांची तारीख कधीची घेतलीस?"

"पुढच्या महिन्याची. आधी उजवा डोळा, मग डावा."

"तोवर दुसरी आच तूच दे. सगळ्यांना. ठिपके तुझेच मार."

"बरं."

"आणि नंतरही बघू. मला दिसायला लागलं तरी तू शेजारी उभी राहा. उगाच जेवायच्या वेळेला चोरून करू नकोस."

ती हसली. मामा पुन्हा पाण्याकडे वळले, पण बूड काही टेकेना. फळीच्या या टोकाला बसले, मग त्या टोकाला. शेवटी म्हणाले, "एक विचारू? खरं सांग."

"विचारा ना."

"सव्वा वर्षात मी दिलेली आच एकदाही बरोबर नव्हती?"

धाकटीने आठवून बघितलं. ती खोटं सांगणार नाही, हे त्यांना तिच्या कपाळावरच्या आठ्यांवरून कळत होतं.

"दोन होती," ती म्हणाली. "दोन पाती अगदी बरोबर होती. माझ्याहून चांगली. ती मी तशीच ठेवली, हात नाही लावला."

"कोणाला गेली?"

"ते नाही आठवत. कधीच गेली विकून."

होडी पलीकडे लागली, माणसं उतरू लागली. एक दूधवाला, दोन बायका, एक पोस्टमन, पाठीवर रंगाचे डबे घेतलेला एक जण. मामा उठून उभे राहिले आणि एकेकाच्या कमरेकडे, खिशाकडे, हातांकडे निरखून बघायला लागले.

"बाबा, काय करताय?"

"काही नाही. तू बस," मामा म्हणाले आणि पोस्टमनच्या मागोमाग त्यांनी काठावर पाऊल टाकलं. "अहो, जरा थांबता का? तुमच्याकडे चाकू आहे का चाकू, घडीचा?"